भाऊचा धक्का आणि पलीकडचा चिखल

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेला चालू लागलं की धक्का दिसण्याआधी त्याचा वास येतो. बर्फ, डिझेल आणि पहाटेच्या लिलावातून उरलेली मासळी. आठ वाजता मोठा बाजार उरकलेला असतो. रस्ताभर पाणी, रिकाम्या क्रेटच्या थप्प्या, आणि टॅक्सीच्या डिकीत टोपली मावेना म्हणून ड्रायव्हरशी हुज्जत घालणारी एखादी मावशी. तिथून पुढे उतारूंच्या दोन वाटा होतात. एका वाटेला गाड्यांची रांग लागलेली असते. काचा वर, एसी चालू, मागच्या सीटवर पोरं आणि कधी एखादा कुत्राही. ही मंडळी गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या रो-रो बोटीने अलिबागजवळच्या मांडव्याला निघालेली. दुसऱ्या वाटेला पायऱ्या, पायऱ्यांना टेकलेली लाकडी लाँच, तिच्या कडेला लोंबणारे जुने टायर, आणि हातात पिशव्या घेऊन चढणारी माणसं. ही मोरा, म्हणजे उरणचं बंदर, आणि अलिबागकडचं रेवस, इथली गिऱ्हाइकं.

मी या दुसऱ्या वाटेचा. आत्या उरणला दिलेली, त्यामुळे मोऱ्याच्या लाँचशी नातं लहानपणापासूनचं. पुढे बंदरं आणि जलवाहतूक हा वाचनाचा विषय झाला तेव्हा एक गोष्ट खटकत राहिली. भाऊच्या धक्क्याची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण एकच चाल लावतो: आधी आगबोट होती, मग रेल्वे आली, मग पूल आला आणि धक्क्याची रया गेली. ऐकायला बरं वाटतं, पण तारखा लावून पाहिल्या की ही गोष्ट नीट बसत नाही. या धक्क्यावर कोण चढणार आणि कोण चढणार नाही, याचा निकाल बहुतेक वेळा मुंबईत लागलेलाच नाही. तो पलीकडच्या किनाऱ्यावर लागला. आणि तिथेही पुलापेक्षा जास्त वेळा चिखलाने लावला.

नाव तेच, जागा वेगळी

सुरुवातही चिखलानेच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर उतारूंसाठी धड उतरायची जागा नव्हती. कोकणातून आलेलं तारू अलीकडेच थांबायचं, पुढचं अंतर होडीतून, नाहीतर गुडघाभर चिखलातून. बायकामुलांचे हाल तर विचारायलाच नकोत. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकुनी करणारे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी हे काम अंगावर घेतलं. शहरातला कचरा भरावाला वापरून त्यांनी किनारा भरून काढला आणि १८४१ च्या सुमारास धक्का उभा राहिला. मुंबईचा कचरा मुंबईच्या समुद्रात टाकून त्यातून उपयोगाची वस्तू निघाल्याचं हे बहुधा दुर्मीळ उदाहरण.

मात्र आज आपण ज्याला भाऊचा धक्का म्हणतो तो हा नव्हे. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झालं, आणि या गोद्यांच्या बांधकामात पूर्व किनाऱ्याची रेघच बदलली. उतारूंचा धक्का उत्तरेला माझगावकडे सरकला. सरकारी कागदात तो फेरी व्हार्फ झाला, पण लोकांनी जुनं नाव उचललं आणि नव्या जागेला चिकटवलं. घर बदललं तरी दारावरची पाटी तीच ठेवावी तसं. या बदलाची फारशी कुरकुर झाल्याचं दिसत नाही, कारण उतारूला धक्का कुठे आहे याहून बोट कुठे जाते यात जास्त रस असतो.

आगबोटीचा काळ

बोट जायची कोकणात. शेफर्ड कंपनीच्या आगबोटी आधीपासून होत्या. स्वदेशीच्या लाटेत तिच्याशी स्पर्धा करायला भागभांडवल गोळा करून देशी कंपनी निघाली. तिला लोक सरळ ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींची नावंही आपल्या देव्हाऱ्यातली: तुकाराम, रामदास. गिऱ्हाईक ओळखून ठेवलेली नावं होती ती. बोटीवर पाय ठेवताना माणूस तसाही देवाचं नाव घेतच होता.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी. ही बंदरांची यादी कोकणातल्या एका पिढीला पाढ्यासारखी पाठ होती. भाऊच्या धक्क्यावर वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फणसाइतकं मोठं गाठोडं घेऊन चाकरमानी चढायचा. अपर डेकचं तिकीट परवडलं तर वारा लागायचा, लोअर डेकला इंजिनाची धग आणि कुणाला तरी बोट लागल्याचा वास. पाणी न पाहिलेला माणूसही आज एसटीत उलटी झाली तर ‘गाडी लागली’ म्हणतो. तो ‘लागणं’ हा शब्द कुठल्या प्रवासात पक्का झाला असेल, याचा मला दाट संशय आहे.

या सेवेची खरी दुबळी जागा भाऊच्या धक्क्यावर नव्हती. इथे बोट धक्क्याला लागायची, फळी टाकली की माणूस चालत आत. पलीकडच्या बऱ्याच बंदरांवर मात्र बोट आत येऊच शकत नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राही, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, येत. रात्री दोन वाजता, हलत्या बोटीच्या शिडीवरून, कडेवर मूल घेऊन, खालीवर होणाऱ्या पडावात उडी टाकायची. खलाशी ओरडायचा, “वहिनी, आता! आता टाका पाय!” आणि पाय टाकला नाही तर पुढच्या लाटेपर्यंत तिथेच लोंबकळत राहायचं. मुंबईने १८४१ मध्ये सोडवलेला प्रश्न कोकणच्या बंदरांवर शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही तसाच होता. शिवाय पावसाळ्यात सगळंच ठप्प. मे महिन्यात ‘शेवटची बोट’ सुटली की समुद्र बंद. तो पुन्हा उघडायचा नारळी पौर्णिमा उलटल्यावर, वारा-पाणी बघून. ज्या गणपतीला चाकरमान्याला जिवाच्या आकांताने घरी जायचं असतं, त्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत बोट भरवशाची नाही.

रामदास

समुद्र पावसाळ्यात बंद का ठेवतात हे १७ जुलै १९४७ ने सगळ्यांच्या अंगावर कोरलं. लांबच्या बोटी बंद असल्या तरी जवळची फेरी सुरू होती; रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. जेमतेम दीड तासाचा प्रवास. आषाढ अमावास्येचा सण तोंडावर आलेला, त्यामुळे गावी जाणाऱ्यांची गर्दी दांडगी. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात बोट एका अंगावर कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली.

मला या घटनेत आकड्यापेक्षा एक तपशील जास्त टोचतो. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईच्या डोळ्यांसमोर, म्हणजे निरभ्र दिवशी दिसेल इतक्या अंतरावर बोट बुडाली, आणि दुपार उलटून जाईपर्यंत शहराला पत्ता नव्हता. बातमी आणली ती पोहत, वाहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांत ओढून घेतलं. होडीत जागा व्हावी म्हणून त्यांनी स्वतःची मासळी समुद्रात फेकली, असं त्या भागात अजून सांगतात. धक्का पुढचे काही दिवस नातेवाइकांनी भरून गेला होता. त्यानंतर महिन्याभरात देश स्वतंत्र झाला, आणि त्या गडबडीत या घटनेला वर्तमानपत्रांच्या बाहेर फारशी जागा मिळाली नाही. रेवस-अलिबाग पट्ट्यात मात्र आजही जुलै महिन्यात कुणी लाँचने निघालं की म्हातारी माणसं नुसती बघत राहतात, बोलत नाहीत.

आगबोट कुणी बंद पाडली?

इथे ती नेहमीची चाल तपासून घेऊ. ‘कोकण रेल्वेने आगबोट मारली’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एके काळी मीही तेच म्हणायचो. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली. कोकणची नियमित उतारू बोट तोपर्यंत दहाएक वर्षं बंद होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी ती थांबली. म्हणजे रेल्वेने बोट मारली नाही. बोट गेली होती, आणि तिच्या रिकाम्या जागेवर पुढे रेल्वे आली.

मारली ती एसटीने आणि रस्त्याने. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि पुढच्या तीसएक वर्षांत तिने खेड्यापाड्यात फाटे फोडले. बोट माणसाला बंदरावर सोडायची. तिथून गाव पाच-सात कोस. एसटी गावच्या पाराखाली सोडायची. रस्त्यावर पाऊस, दरड, खड्डे सगळं होतं, पण जून ते ऑगस्ट गाडी चालू राहायची. घाटातून रात्रभर हाडं खिळखिळी झाली तरी सकाळी माणूस गणपतीच्या मखरापुढे बसलेला. पडावात उडी टाकायची पाळी नाही. भाड्याचा हिशेब दुय्यम होता. उतरल्यानंतरच्या शेवटच्या टप्प्याने निकाल लावला.

त्यानंतर दोनदा प्रयत्न झाले, पण ते वेगळ्या माणसासाठी होते. १९९० च्या दशकात मुंबई-गोवा कॅटामरान चालली: वेगवान, वातानुकूलित, आणि भाडं ऐकून चाकरमानी दोन पावलं मागे सरकेल अशी. २०१८ च्या ऑक्टोबरात आंग्रिया क्रूझ निघाली. जेवण, डेकवर संगीत, रात्रभराची सहल. ती बोट गोव्याला पोचायची हे खरं. पण तिच्यात चढणाऱ्याला पोचण्याची घाई नव्हती. वळकटीवाला उतारू त्या दोन्हींत कुठेच नव्हता.

मोरा, रेवस आणि तिथीची पाऊणपट

लांबचा उतारू गेला तरी धक्का बंद पडला नाही, याचं श्रेय समोरच्या किनाऱ्याला. १९७३ पर्यंत ठाणे खाडीवर वाशीचा पूल नव्हता. उरणच्या माणसाला मुंबईला रस्त्याने यायचं तर पनवेल, ठाणे असा वळसा. मोऱ्याहून लाँचने पाऊण तास, फार तर तास. अलिबागकरालाही रेवसहून लाँचच सोयीची. पूल झाल्यावरही बसने वाशीमार्गे दोन-अडीच तास मोडायचे, म्हणून लाँच टिकली. गोदीतला कामगार, क्रॉफर्ड मार्केटला माल घ्यायला जाणारा दुकानदार, जे. जे. ला तपासणीला निघालेली आजी, सगळे लाँचचे.

आणि ही लाँच पावसाळ्यातही चालते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी मेअखेरीला बंद होतात आणि सप्टेंबरात सुरू होतात. मोरा आणि रेवसच्या फेऱ्या मात्र, वादळाचा इशारा सोडला तर, सुरू असतात. कारण हा मार्ग बंदराच्या पोटात आहे. मुंबई बेटाच्या आडोशाने लाट मोडलेली असते. पावसाळ्यात लाँचमध्ये कमी माणसं घ्यायची परवानगी असते, म्हणून भाडं वाढतं. अलीकडे मोऱ्याचं तिकीट उघडीपीत ८० रुपये आणि पावसाळ्यात १०५ रुपये असं राहिलं आहे.

पण ज्या आडोशाने लाट मोडते, त्याच आडोशाने गाळही बसतो. ठाणे खाडी, पनवेल खाडी, धरमतर खाडी, सगळ्या आपापली माती घेऊन याच शांत पाण्यात येतात. पाणी स्वस्थ झालं की माती खाली बसते. मोरा बंदरात आणि रेवसला ती बसतच गेली आहे. गाळ काढायचं कंत्राट निघतं, ड्रेजर येतो, चर खोदला जातो, आणि एखाद-दोन पावसाळ्यांत चर पुन्हा भरतो. जिथे लाट नाही तिथे गाळ आणि जिथे गाळ नाही तिथे लाट, असा हा समोरचा किनारा आहे.

गाळाने नेमका कोणाचा बळी घेतला हे समजायला कोळ्यांचा एक जुना हिशेब लागतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दुपारी बाराला. आता पौर्णिमा-अमावास्येचा हिशेब करा. भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सुकती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. प्रतिपदा, द्वितीयेला ती सरकून साडेसहा-साडेसात. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी उंच चढते, सुकती तितकीच खोल उतरते. म्हणजे मोरा बंदरात पाणी सगळ्यात कमी असण्याची वेळ पंधरवड्यातून तीन-चार दिवस नेमकी ऑफिसला जायची आणि ऑफिसातून परतायची वेळ असते.

लाँच कुणासाठी निरुपयोगी झाली, याचं उत्तर या एवढ्या गणितात आहे. दुपारी बाजारहाटाला जाणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. सकाळी नऊच्या ठोक्याला हजेरीवर सही करणाऱ्याचं बिघडतं. उरणच्या कित्येक घरांत कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावास्या उपवासापेक्षा लाँचसाठी बघितली जाते. ‘ओहोटीमुळे मोरा-मुंबई जलसेवा तीन तास बंद’ ही बातमी स्थानिक पानांवर इतक्या वेळा येते, की फक्त तारीख बदलून छापली तरी चालेल.

मांडवा: लाटेवर बांध

मांडवा या चित्राची दुसरी बाजू. ते बंदराच्या तोंडाशी, उघड्या समुद्राकडे. गाळाचा त्रास कमी, पण पावसाळ्यात लाट थेट अंगावर. म्हणूनच तिथल्या बोटी पावसाळाभर बंद राहत. रो-रोसाठी तिथे लाटरोधक बांध घातला गेला आणि त्याच्या आडोशाला टर्मिनल उभं राहिलं. ज्या ठिकाणी गाळ नव्हता तिथली लाट दगड टाकून अडवली. हा सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय, असं माझं मत. गाळाशी दरवर्षी झुंजण्यापेक्षा लाटेशी एकदाच झुंजणं स्वस्त पडतं.

भाऊच्या धक्क्यावर रो-रोचं टर्मिनल झालं आणि १५ मार्च २०२० ला ग्रीसमध्ये बांधलेली एम टू एम १ ही बोट मांडव्याला निघाली. दीडशेच्या आसपास गाड्या आणि शेकड्यांनी माणसं एका वेळी. मुहूर्त मात्र असा की दहा दिवसांत टाळेबंदी लागली. सेवा थांबली ती ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर पुन्हा सुरू झाली. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत शंभराहून जास्त किलोमीटर आणि वडखळच्या कोंडीत जाणारा वेळ वेगळा. पाण्यावरून वीसच्या आत किलोमीटर, तासाभरात पलीकडे. हिशेब सरळ होता आणि तो चालला.

चालला, पण कुणासाठी? शुक्रवारी संध्याकाळी ती रांग बघावी. एका गाडीच्या भाड्यात मोऱ्याच्या लाँचची दहाएक तिकिटं सहज निघतात. गाडीत बसलेला माणूस शनिवार-रविवारच्या बंगल्यावर चाललाय. रो-रोने मुंबईची गाडी अलिबागेत नेली. अलिबागचा नोकरदार मुंबईत आणण्याचं काम तिने त्या मानाने थोडं केलं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. बोट ज्यांच्यासाठी आखली त्यांच्यासाठी उत्तम चालते. पण ‘भाऊच्या धक्क्याचं पुनरुज्जीवन’ असं तिचं वर्णन वाचलं की हसू येतं. धक्क्याला नवा उतारू मिळाला, एवढंच म्हणावं. जुना उतारू अजून शेजारच्या पायऱ्यांवर फळीची वाट बघत उभा आहे.

मोऱ्यालाही रो-रोचं टर्मिनल मंजूर झालं होतं, त्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मधल्या काळात व्हायचं ते झालं.

१२ जानेवारी २०२४

एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, आणि खारकोपर ते उरण हा लोकलचा उरलेला टप्पा. वर्तमानपत्रांनी सेतूला पहिलं पान दिलं, लोकल आतल्या पानात गेली. लाँचच्या दृष्टीने मात्र महत्त्व नेमकं उलटं आहे.

सेतूवर चारचाकीला एका बाजूचा टोल २५० रुपये ठरला आणि दुचाकी, रिक्षा यांना मज्जाव. मोऱ्याच्या लाँचमध्ये जी माणसं चढतात त्यातल्या किती जणांकडे गाडी आणि रोज इतका टोल भरायची ऐपत असेल? सेतूने लाँचचा थोडाच उतारू नेला असणार. लोकलचं तसं नाही. उरणहून नेरूळ, तिथून हार्बर लाईन. गाड्यांच्या फेऱ्या थोड्या, गाडी चुकली तर पुढचीसाठी खूप वेळ ताटकळावं लागतं, नेरूळला बदलायची कटकट. वेळेत लाँचच सरस. पण लोकलला सुकती नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती सुटते म्हणजे सुटते. ज्या माणसाला महिन्यातून सहा-आठ दिवस लाँचने दगा दिला होता, त्याने पहिल्याच महिन्यात रेल्वेचा पास काढला. आणि पास काढलेला माणूस बाकीच्या बावीस दिवसांतही लाँचकडे फिरकत नाही, कारण पासाचे पैसे भरलेले असतात.

मला या प्रकरणातला हाच धागा महत्त्वाचा वाटतो. गाळ रोज आडवा येत नव्हता. पंधरवड्यातून तीन-चार दिवसच येत होता, पण त्या दिवसांनी उरलेल्या दिवसांचा उतारूही नेला. पर्याय नव्हता तोवर लोकांनी सुकतीशी जुळवून घेतलं, कॅलेंडर बघितलं, साहेबाची बोलणी खाल्ली. पर्याय आला त्या दिवशी जुळवून घेण्याची गरज संपली. एसटीच्या वेळी हेच झालं होतं. तेव्हा नको झाली होती पडावातली उडी, आता चिखलात थांबणं.

रेवसची पाळी अजून यायची आहे. रेवस-करंजा पुलाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० च्या आसपासची. चार दशकं ती भाषणांत राहिली. आता रेवस-रेडी सागरी मार्गाच्या निमित्ताने काम प्रत्यक्ष सुरू झालं आहे. तो पूल झाला की अलिबागचा माणूस करंजावरून उरणला आणि तिथून लोकलला किंवा सेतूला. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक आहे. मी विचारलं तर म्हणाला, “दादा, पूल व्हायला मी रिटायर होतो की नाही बघा आधी.”

गेल्या फेरीचा दिवस

आत्याचं डोळ्यांचं औषध मुंबईतच मिळत होतं, म्हणून मध्ये एकदा संध्याकाळची लाँच धरली. तिथी बघितली नव्हती. लाँचमध्ये पस्तीसेक माणसं, एरवी याच वेळेला उभं राहायला जागा नसे. डोक्यावर लाइफ जॅकेटांची केशरी रांग, बाकाखाली कुणाचं तरी कोंबडीचं खुराडं. अंधार पडता पडता मोऱ्याचे दिवे दिसले आणि लाँचचा वेग कमी झाला. मग इंजिन हळू, आणखी हळू, आणि एकदम बंद. तळाला मऊ काहीतरी लागल्याचं पायांना जाणवलं.

लाँच चालवणारा सारंग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “पानी नाय. बसा.”

कुणी चिडलं नाही. एका बाईने डबा उघडला. कॉलेजातल्या दोन पोरी फोनवर घरी सांगत होत्या, “येते, मोऱ्यातच आहे, बोट बसलीय.” जेटी शंभर-दीडशे हातांवर होती; तिच्यावर कुणीतरी बिडी ओढत असल्याचा ठिपका दिसत होता. मधल्या चिखलात बगळे संथपणे पाय उचलून चालत होते. शेजारचे आजोबा म्हणाले, तुम्ही लोकलने का नाही आलात? मी म्हटलं, तुम्ही का नाही? “मी पन्नास वर्षं हीच धरतोय,” ते म्हणाले, आणि घड्याळ बघून पुढे म्हणाले, “आठला हलेल.”

आठ वाजून दहा मिनिटांनी हलली.